जिंकेल तो टेबलावर

छोटूचं वय त्रेचाळीस. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, वाचायला चष्मा लागतो, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तरी तो छोटूच. किराणावाला छोटू म्हणतो, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेला बसचा कंडक्टर खुशाल 'काय रे छोटू' म्हणतो, आणि ताई तर म्हणणारच, कारण ते नाव तिनंच पाडलेलं. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन असतं, लोकांचे कपडे ती आखूड-सैल करून देते.

छोटूला जन्मापासून गोष्टी उशिरा कळतात. उशिरा म्हणजे उशिराच, कळत नाहीत असं नव्हे. हा एवढासा फरक ताईनं आजवर इतक्या लोकांना समजावून सांगितला, की दुसरी कुणी असती तर पाटी करून गळ्यात घालून फिरली असती. तो कमी बोलतो, आखूड वाक्यं बोलतो, आणि त्याला घाई केलेली चालत नाही. आकड्यांना मात्र एकदम पक्का.

चौदा वर्षं तो एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात आहे. गरम रोलरमधून सुटलेल्या चादरी घडी करायच्या, वीस-वीसचे गठ्ठे बांधायचे आणि खिडकीतून वॉर्डांना द्यायचे, हे त्याचं काम. वीस म्हणजे वीस. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरनी निरोप पाठवला, की गठ्ठ्यात एकोणीसच आल्या. छोटू हातातलं काम ठेवून तीन मजले चढून गेला आणि त्यांच्यासमोर एकेक चादर मोजून दाखवली. वीस भरल्या. त्या सिस्टर तोंडाच्या फटकळ म्हणून नावाजलेल्या, पण त्या दिवशी त्यांनी सरळ माफी मागितली. तेव्हापासून त्या त्याला 'चादरवाले' म्हणतात आणि अहोजाहो करतात.

तेव्हा कामाचं सगळं ठीक होतं. घोडं अडायचं ते सुटीच्या दिवशी.

शनिवारी दुपारी छोटूसारख्यांसाठी एका केंद्रात 'आनंद वर्ग' भरायचा. मणी ओवा, फुगा एकमेकांकडे ढकला, कागदाच्या घड्या घालून पक्षी करा. घरी जाताना हातात एक कागद मिळायचा, त्यावर रकाने: हसला का, सहभाग घेतला का, मदत लागली का. "बोटांच्या हालचालींसाठी फार छान आहे हे," तिथल्या बाई म्हणायच्या. ताई मान डोलवायची आणि मनात चरफडायची. ती स्वतः रविवारी दुपारी रेडिओ लावून लोळते, तेव्हा तिची कुठली हालचाल सुधारते? तिला कधी कुणी रकाने भरून दिले नाहीत. तीन वर्षं असं चाललं. मग एका शनिवारी छोटूनं केलेला पक्षी टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आठवडाभर घड्याच घालतो. शनिवारी पण घड्या?" त्यानंतर तो तिकडे गेला नाही.

त्याला हवं होतं टेबल टेनिस. धुलाई विभागाच्या मधल्या सुटीच्या खोलीत एक जुनं टेबल होतं आणि बॉयलरवर काम करणाऱ्या गृहस्थानं त्याला तिथे खेळायला शिकवलं होतं. पाच-सहा वर्षं रोज अर्धा तास दोघं खेळायचे. मग बॉयलरवाले निवृत्त झाले आणि टेबलाच्या जागी नवं मशीन आलं. छोटूनं बॅट घरी आणली आणि मागच्या भिंतीवर बॉल मारत बसू लागला. वरच्या मजल्यावरून टकटक झाली की थांबायचा.

क्रीडा हॉल घरापासून दोन थांब्यांवर. तिथे 'विशेष व्यक्तींसाठी राखीव तास' अशी पाटी आहे असं कळल्यावर ताई हरखली. तास कधी, तर बुधवारी सकाळी अकरा ते बारा.

ती तडक हॉलच्या ऑफिसात गेली. खिडकीमागचे साहेब सज्जन होते, हसून बोलत होते, आणि नेमकं तेच तिच्या डोक्यात गेलं.

"बुधवारी अकराला तो कामावर असतो," ताई म्हणाली.

"कोण?"

"माझा भाऊ. ज्याच्यासाठी मी आलेय तो."

"कामाला जातो का? वा, वा," साहेब म्हणाले. "बहुतेक ही मंडळी दिवसा मोकळीच असतात ना, म्हणून मुद्दाम ती वेळ ठेवली."

"तो सकाळी सातला हजर असतो. तुम्ही कितीला येता?"

साहेब दहाला यायचे. ते त्यांनी काही सांगितलं नाही, दुसऱ्या वेळेसाठीचा फॉर्म पुढे सरकवला. फॉर्मात 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव' होतं, डॉक्टरांचा शेरा होता आणि खाली एक ओळ होती: 'खेळातून अपेक्षित सुधारणा'. ताईनं घरी जाऊन छोटूला विचारलं, इथे काय लिहू? तो जरा वेळ विचार करून म्हणाला, "बॅकहँड." तिनं तेच लिहिलं.

चार महिने आणि सहा खेपा झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का घरी राहिलेला, एकदा फॉर्मच नवा आलेला. ताईला नाकीनऊ आले. शेवटी परवानगी आली: शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ, सगळ्यांच्या वेळेत, सोबत कुणीतरी हवं.

हॉलमध्ये टेबल एकच, आणि भिंतीला लागून एक लांब बेंच. भिंतीवर हिरव्या रंगात नियम लिहिलेला: जिंकेल तो टेबलावर, हरेल तो बेंचच्या टोकाला. तिथली शिस्त एक निवृत्त पोस्टमन सांभाळायचे, त्यांना सगळे काका म्हणत. पहिल्या शुक्रवारी छोटू बुटांचे बंद बांधत होता, तेवढ्यात ताईनं काकांना बाजूला घेतलं.

"काका, जरा सांभाळून घ्या त्याला. हरला की फार लागतं हो त्याच्या मनाला. एकदा सापशिडीत हरला तर दोन दिवस जेवला नव्हता."

"काही काळजी करू नका, ताई," काका म्हणाले. "आपल्या घरचाच आहे असं समजा."

सापशिडीत हरला तेव्हा छोटू नऊ वर्षांचा होता. हे तिनं काकांना सांगितलं नाही, कारण तिच्या ते लक्षातच आलं नाही.

मग छोटू जिंकू लागला. पहिल्या शुक्रवारी जिंकला, दुसऱ्या जिंकला, दर शुक्रवारी जिंकला. घड्याळं दुरुस्त करणारे एक जण यायचे, घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं जागेवर बसवणारा माणूस, पण छोटूसमोर उभा राहिला की हातभर अंतरावरचा बॉल त्याला सापडायचा नाही. छोटूचे अकरा गुण झाले की सगळा बेंच टाळ्या वाजवायचा. काका खिशातून चॉकलेट काढून द्यायचे, पाठ थोपटायचे, "शाब्बास रे छोटू. दमलास, बस आता जरा." छोटू बसायचा. पुढचा दीड तास बाकीचे खेळायचे. नोटीस बोर्डावर त्याचा फोटोही लागला, खाली 'आमचा चॅम्पियन'. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणाच्या तरी पॅंटची शिवण उसवत बसलेली असायची आणि तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. जगात माणुसकी आहे म्हणायची बाई.

आठ महिन्यांनी एका शुक्रवारी छोटूनं बॅट पिशवीत घातली, पिशवी कपाटात ठेवली आणि म्हणाला, "नाही जायचं."

"का रे?"

"नाही जायचं."

ताई त्याच्या खनपटीलाच बसली. कुणी बोललं का, कुणी चिडवलं का, गुडघा दुखतो का, पोटात काही आहे का. छोटू ताकास तूर लागू देईना. दुसरा शुक्रवारही तसाच गेला. संध्याकाळी सहा वाजले की तो घरातले सगळे टॉवेल काढायचा आणि पुन्हा घड्या घालायला बसायचा. ताईला ते बघवेना. चार महिने खेटे घालून मिळवलेली ती परवानगी, आणि हा टॉवेल मोजतोय. तिसऱ्या शुक्रवारी तिचा पारा चढला. "आता बोललास तर बोललास, नाही तर ती बॅट देऊन टाकते कुणाला तरी."

छोटूनं हातातला टॉवेल ठेवला.

"जिंकेल तो टेबलावर," तो म्हणाला.

"हो. मग?"

"मी जिंकतो. मग मला का उठवतात?"

ताईला आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने ती त्या खुर्चीत बसून सगळं बघत होती, नियम समोर भिंतीवर वीतभर अक्षरांत लिहिलेला होता, आणि तिला दिसलं नव्हतं. त्याला उशिरा कळतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलवर जाऊन काकांसमोर उभी राहिली. "जिंकणाऱ्याला उठवता तुम्ही. हा कुठला न्याय? त्याला काही कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

काकांनी तिला बोलू दिलं. सगळं बोलून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "ताई, त्याला जिंकू द्या असं तुम्हीच सांगितलंत ना? मग जो कधी हरणारच नाही तो टेबलावरून उठणार कधी? बाकीच्यांनी दोन तास बेंचवर बसायचं? म्हणून एक डाव, टाळ्या, चॉकलेट. आमच्या बुद्धीला जे सुचलं ते केलं."

भांडायला यावं, आणि भांडण आपल्याच दारात येऊन पडावं. "मग आता खरं खेळा त्याच्याशी," ती शेवटी म्हणाली.

"बघतो," काका म्हणाले. त्या 'बघतो'मध्ये फारसा दम नव्हता.

पुढच्या शुक्रवारी तिनं छोटूला मिनतवाऱ्या करून नेलं. समोर घड्याळजी. सुरुवातीला त्यांनी खरंच बरं मारलं. छोटूनंही परतवलं, त्याचे डोळे एकदम जागे झाले. मग त्याचे दोन बॉल बाहेर गेले, त्याचा चेहरा किंचित उतरला, आणि तेवढ्यानं घड्याळजींचं काळीज विरघळलं. त्यांनी लागोपाठ चार सर्व्हिस जाळीत घातल्या आणि दर वेळी 'अरेरे' म्हणाले. इतका वाईट अभिनय कुणी शाळेच्या नाटकातसुद्धा करत नाही.

छोटूनं बॅट टेबलावर ठेवली. "तुम्ही मुद्दाम करता," तो म्हणाला.

"नाही रे बाबा, हात भरून आलाय माझा," घड्याळजी म्हणाले. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. छोटूनं तो बघितला, बॅट पिशवीत घातली आणि दाराकडे चालू लागला. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. एवढंच म्हणाला, "चॉकलेट पण नको."

ताईनं त्या रात्री स्वतःला फाडून खाल्लं. साहेबांवर चिडता येत होतं, आनंद वर्गावर चिडता येत होतं. पण ही माणसं चांगली होती, हाच खरा वैताग होता. वाईट वागणाऱ्याच्या अंगावर धावून जाता येतं. चॉकलेट देणाऱ्याच्या अंगावर कसं धावून जायचं? आणि हा चांगुलपणा त्यांना शिकवला कुणी, तर तिनंच.

दोन आठवडे बॅट कपाटात होती. मग एका गुरुवारी छोटू कामावरून आला, पिशवी काढून दारापाशी ठेवली आणि सांगू लागला. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर आता क्रीडा हॉलजवळ राहायला आल्या होत्या. सोमवारी त्या हॉलवर नाव घालायला गेल्या तेव्हा त्यांनी बोर्डावरचा फोटो पाहिला. आज चादरी घ्यायला स्वतः खिडकीत आल्या आणि काय म्हणाल्या, ते छोटूनं शब्दन् शब्द सांगितलं. "काय चादरवाले, चॅम्पियन म्हणे. उद्या या, बघू किती पाण्यात आहात."

"मग जाऊ या की," ताई म्हणाली.

"तू येऊ नकोस."

"अरे, सोबत कुणीतरी लागतं, फॉर्मवर तसं..."

"सिस्टर आहेत," तो म्हणाला. "कामावर मी एकटाच जातो."

शुक्रवारी साडेपाचला तो एकटा निघाला. ताईनं मशीनवर एक पॅंट घेतली. काकांनी सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं असेल का? सांगितलंच असेल. सांभाळून घ्या, मनाला लागतं. तिचेच शब्द आता त्या हॉलमध्ये तिच्याशिवाय फिरत असणार. अर्ध्या तासानं तिनं पाहिलं, तर पॅंटच्या एका पायाचं तोंड तिनं आरपार शिवून टाकलं होतं. तिनं कात्री ठेवली, चपला घातल्या आणि निघाली.

हॉलच्या दारातून तिला पहिल्यांदा छोटूच दिसला. बेंचच्या अगदी टोकाला, मांडीवर बॅट, चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला, नजर जमिनीकडे. टेबलावर सिस्टर होत्या, समोर घड्याळजी. खेळ रंगात आलेला. छोटूकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

पुन्हा तेच. ताईच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

"थांबवा," ती म्हणाली. आवाज तिलाच मोठा वाटला. "लाजा नाहीत वाटत तुम्हाला? एवढं सांगून गेले तरी पुन्हा तेच? जिंकला तर त्याला टेबलावर राहू द्या. नियम असेल तर सगळ्यांना असू दे, नाही तर पुसून टाका ती भिंत."

बॉल टेबलावरून पडून टपटप करत भिंतीपर्यंत गेला. कुणी उचलला नाही. काका उठून पुढे आले, "अहो ताई, ऐका तरी..." सिस्टर बॅट कमरेला लावून तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. घड्याळजींचा चेहरा मात्र कसानुसा झाला. बिचाऱ्यांनी लगेच बॅट खाली केली. "बरोबर आहे त्यांचं. ये रे छोटू, ये, तू खेळ माझ्याऐवजी. मी बसतो."

"नाही," छोटू म्हणाला.

"अरे ये की, मला काही नाही त्याचं."

"नाही." छोटू उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो ताईकडे बघत होता. "मी हरलोय. अकरा-तीन. सिस्टरांशी. मी टोकाला बसलोय." मग घड्याळजींकडे वळून म्हणाला, "तुमचा डाव चालू आहे. माझा नंबर पाचवा."

ताई बेंचकडे वळली, छोटूशेजारी हातभर जागा होती तिथे टेकायला गेली.

"इथे नाही," छोटू म्हणाला. "बेंच खेळणाऱ्यांचा आहे."

सिस्टरनी वाकून बॉल उचलला. "सात-चार," त्या म्हणाल्या. "घड्याळजी, सर्व्हिस तुमची. आणि जाळीत घालायची नाही."

ताई बाहेर जाऊन पायऱ्यांवर चपलांजवळ बसली. आतून बॉलचे आवाज येत होते. त्यातला छोटूचा कुठला ते बाहेरून कळत नव्हतं. टाळ्या एकदाही वाजल्या नाहीत.

आठला हॉल बंद झाला. छोटू सगळ्यांत शेवटी आला, तिच्याशेजारी बसून बुटांचे बंद सोडून पुन्हा बांधले.

"किती डाव झाले?" तिनं विचारलं.

"तीन. तिन्ही हरलो."

"वाईट वाटलं?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच परत घेतला. "मला वाटायचं, तुला हरलेलं सहनच होत नाही."

छोटूनं तिच्याकडे पाहिलं. कुणीतरी वीसच्या गठ्ठ्याला एकोणीस म्हणावं, तसं पाहिलं. "बॉयलरवाल्यांशी रोज हरायचो," तो म्हणाला. "पाच वर्षं. तुला माहीत नाही?"

तिला माहीत नव्हतं. पाच वर्षं तो रोज संध्याकाळी घरी येत होता, आणि आज काय खाल्लंस, गोळी घेतलीस का, कुणी काही बोललं का, एवढंच ती विचारत होती. खेळात काय झालं हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

बस आली. छोटू आधी चढला, मागे वळून म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी तू येऊ नकोस."

"नाही येणार," ताई म्हणाली.

कंडक्टर म्हणाला, "काय रे छोटू, जिंकलास का?"

"हरलो," छोटू म्हणाला आणि दोन तिकिटं मागितली.